उरलेले धागे पुष्पलतेच्या नावाचे

मी, मैनाबाई बळीराम धकाते, वय अंदाजे बासष्ट, धंदा विणकाम, राहणार सक्करदरा तलावाजवळ, नागपूर, हा कागद शेजारच्या वामनराव मास्तरांकडून लिहवून घेते. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही, म्हणून येत्या गुरुवारी धंतोलीच्या दवाखान्यात ते चिरणार आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर त्याचे नाव आधी लिहवले असते. दोन वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

१. दोन खोल्या व मागाची पडवी मुलगा श्रावण व सून पुष्पलता या दोघांच्या नावे, सारख्या हिश्शाने. जुन्या कागदात एकटा श्रावण होता. तो कुरकुर करणार नाही. केलीच तर हा कागद दाखवावा.

२. पितळी हंडा भीमाबाईला. श्रावणची हिंगण्याची कंपनी अकरा महिने बंद होती तेव्हा ही शेजारीण रोज "जास्तच झालं वं" म्हणून वरणाची वाटी आणून द्यायची. पाच लेकरांच्या घरात वरण जास्त होत नसते. मला कळत होते. मी खात होते.

३. माग. खरे तर हे पहिले कलम हवे होते. मास्तर म्हणतात, क्रमाने सांगा. माझा जीव सकाळपासून क्रमाने चालत नाही, मी काय करू? तीनदा उठून पडवीत जाऊन आले. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, अर्धवट जोडलेला आहे.

आमच्यात जुना ताणा संपला तरी त्याची टोके मागाच्या फणीतच ठेवतात आणि बोटाला राख लावून नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना वळून जोडतात. लुगड्याला दोन हजारांवर धागे. माझी सासू गोदूबाई जोडणीला बसवताना म्हणायची, "ज्याचं खाल्लं त्याचं नाव धाग्यावर घ्यायचं वं. नाव नाही सुचलं तं हात थांबव." बरे दिवस होते तेव्हा मी नुसती देवांची नावे घेऊन मोकळी व्हायचे. त्या अकरा महिन्यांत मात्र एकेक नाव शोधावे लागले. सूत उधार देणारे नानाजी, भीमाबाई, नळावर नंबर सोडणारी पोरगी, आणि त्या दिवशी न चढलेला ताप. शोधायची सवय लागली आणि त्या सवयीनेच मी तरले, हे मी मान्य करते.

४. आता जे सांगायचे आहे ते. त्या दिवसांत घरात शिजायचे ते पुष्पलतेच्या बिड्यांवर. विणकराच्या घरची सून दारात बसून बिड्या वळते, याची मला लाज वाटली. एके दुपारी मी तिचे सूप पानांसकट, तंबाखूसकट नालीत उपडे केले. ती ओरडेल म्हणून मी कंबर कसून उभी. ती खाली बसली आणि पाने वेचू लागली. म्हणाली, "तंबाखू गेला. पानं धुतली तं वाळतीन, आई." त्याच रात्री तिने वाढलेला भात मी खाल्ला. आठवड्याने मास्तरांना बोलावून तो जुना कागद लिहवला की या सुनेचा हात मागाला लागू नये.

त्यानंतर किती ताणे जोडले. न चढलेल्या तापाचेही नाव घेतले, हिचे एकदाही नाही. जिभेवर यायचे आणि मी दुसरे शोधायचे. सासूचा नियम मीच मोडला, आणि पोटातल्या गाठीपेक्षा मला तेच जास्त दुखते.

म्हणून माग, फणी, धोटे, सगळे पुष्पलतेला. तिला विणायचे नसेल तर तिने विकावे. बिड्या वळायच्या असतील तर पडवीत, उजेडात बसून वळाव्यात.

५. मागावर अजून चारशेवर धागे उरले आहेत. ते गुरुवारच्या आत मीच जोडणार, आणि सगळे एकाच नावाने. यात कोणी मदतीला येऊ नये.

६. मास्तर सांगतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. ते मला मंजूर नाही. मी गेल्यावर तिला कळून माझा काय उपयोग? आज संध्याकाळीच हा कागद तिच्यासमोर मोठ्याने वाचावा. मी भिंतीकडे तोंड करून बसेन.

लिहिणाराची नोंद: वरील मजकूर सायंकाळी बाई व सून पुष्पलता यांना वाचून दाखवला. बाईंनी तो बरोबर असल्याचे सांगितले. खाली डाव्या अंगठ्याचे दोन ठसे आहेत. पहिला उमटला नाही. तेव्हा सून म्हणाली, "आई, राख हाय ना बोटाले," आणि तिने आपल्या पदराने बाईंचा अंगठा पुसला. बाईंनी हात बराच वेळ मागे घेतला नाही. दुसरा ठसा त्यानंतरचा, स्वच्छ आहे. तोच खरा धरावा.

निशाणी डावा अंगठा: मैनाबाई बळीराम धकाते
साक्षीदार: १. नानाजी (सही) २. रुपराव (सही)
लिहिणार: वामनराव (सही)
नागपूर, सोमवार, १२ मार्च १९७९