साम्य दहा टक्क्यांच्या आत

१ जुलै, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कारण: मी संपादक झाले.

जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांच्या मंडळाने 'कलाध्यापन' नावाचं संशोधन-नियतकालिक काढायचं ठरवलं आहे. पहिला अंक पाच सप्टेंबरला, शिक्षकदिनी, इथेच संगमनेरला. संपादक: दमयंती खरवंडीकर, निवृत्त प्राध्यापक, चित्रकला. निवड बिनविरोध. शामकांतचं म्हणणं, बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. नवरा गणिताचा मास्तर असला की घरात असली प्रमेयं ऐकावी लागतात. मी उत्तर दिलं नाही. (दिलं. पण थोडक्यात.)

रिटायर झाल्यापासून मला फोन येतात ते फक्त 'मॅडम, पर्सनल लोन हवंय का' विचारणाऱ्या मुलींचे. आज सकाळपासून 'मॅडम, अभिनंदन' चालू आहे. शामकांतने आतून विचारलं, लोन मंजूर झालं का.

३ जुलै, गुरुवार

नीतिनियम लिहून काढले. आधी नीती, मग लेख. आपल्याकडे उलट चालतं, म्हणून ही अवस्था.

नियम एक: ज्याने लिहिलं त्याचंच नाव. मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव, गाईड, गाईडची मिसेस, कुणीही चालणार नाही.

नियम दोन: लेख तपासणाऱ्याला लेखकाचं नाव कळणार नाही.

नियम तीन: अंकात छापायचा प्रत्येक मजकूर सॉफ्टवेअरमधून जाईल. दुसऱ्या कुठल्या मजकुराशी दहा टक्क्यांहून जास्त साम्य निघालं तर लेख परत, आणि लेखकावर दोन वर्षं बंदी.

निकिता वर्पे माझी जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात शिकवते आणि माझी सहसंपादक आहे. ती म्हणाली, मॅडम, दहा जरा कडक नाही का? बाकीचे पंधरा-वीस चालवतात. म्हटलं, बाकीच्यांचं बाकीचे बघतील. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शेजारणीच्या वहीकडे नुसती मान वळली तरी सिस्टर फूटपट्टी काढायच्या. मी शून्यच ठेवणार होते. पण मशीन 'आणि'सुद्धा मोजतं म्हणे. तेवढी सवलत दिली.

११ जुलै, शुक्रवार

पहिला लेख आला. इथल्याच कानिफनाथ सरांचा: दूध संघाच्या भिंतींवरच्या जाहिराती आणि नववीचा अक्षरलेखनाचा तास. लेखकांत सरांबरोबर त्यांचे मुख्याध्यापक आणि सचिव. दोघांनाही लाल पेनने उडवलं. मुख्याध्यापकांचा फोन आला, मॅडम, भिंतीला परवानगी मी दिली होती. म्हटलं, मग भिंतीवर नाव घाला.

सरांचंही नाव काढून लेख तपासायला पाठवला. संध्याकाळी तपासणाऱ्याचा फोन: मॅडम, हा कानिफचाय ना? मी ताडकन विचारलं, नियम मोडून हे कुणी सांगितलं? म्हणाले, फोटोत भिंतीच्या कोपऱ्यात 'कानिफ आर्ट्स' लिहिलंय, खाली मोबाईल नंबर. मी लावून पण बघितला, त्यानंच उचलला.

ठराव: यापुढे फोटोतल्या भिंतीही झाकून पाठवणे.

१९ जुलै, शनिवार

दुसरा लेख. पाथर्डीहून सहादेव बडे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. पहिलंच वाक्य: 'दिवाळी झाली की माझी निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्या चित्रकलेचं मी काय करतो ते सांगतो.'

हा काय संशोधन-लेख झाला? हे एसटी स्टँडवरचं बोलणं झालं. विषय ठीक आहे. पोरं कागद घेऊन जातात, तिकडचं काढून आणतात, परत आल्यावर भिंतीवर दोन गावं शेजारी शेजारी लागतात. पण भाषा! अगदी उघडीवाघडी. संपादक म्हणून थोडा हात फिरवावा लागणार.

२० जुलै, रविवार

हात फिरवला. पहिलं वाक्य आता असं: 'येथे प्रश्न केवळ रंगाचा नसून रंगामागील अंतर्मुख मौनाचा आहे.' शेवटी: 'रेषा हाताने नव्हे, संस्काराने ओढली जाते.' मधला भागही उचलून घेतला. ऊस तेवढा ठेवला.

शामकांतला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, अंतर्मुख मौन पाथर्डीकडे कुठल्या महिन्यात येतं? मी वाचन थांबवलं.

२६ जुलै, शनिवार

तिसरा लेख शिर्डीहून, मोनिकाचा. तिथे शाळेत शिकवते, वडिलांचं हारांचं दुकान. विषय: झेंडू, शेवंती आणि गुलाबाच्या पाट्यांवरून सातवीला रंगसंगती. मुलगी हुशार, लिहिणं मात्र किराणा सामानाच्या यादीसारखं. हात फिरवला. अंतर्मुख मौन झेंडूलाही फार शोभून दिसलं. चांगलं वाक्य कुठेही बसतं. दूध संघाच्या भिंतीवरही बसलं.

सहादेव आणि कानिफनाथ दोघांनाही दुरुस्त प्रती पाठवल्या. दोघांकडून मोबाईलवर फक्त जोडलेले हात आले. भारावले असणार.

२ ऑगस्ट, शनिवार

मोनिकाचा फोन, दुरुस्त प्रत मिळाल्याचा. तिने जरा अडखळत विचारलं, मॅडम, तुम्ही एवढं लिहिलंत, तर लेखावर तुमचंपण नाव घालू का? बरं दिसेल.

हाच तो संस्कृतिनाश! आदर म्हणून नाव घालायचं! मी तिला तासलं. नियम एक वाचून दाखवला. म्हटलं, मी एक अक्षर लिहिलेलं नाही, फक्त संपादन केलंय. ती म्हणाली, बरं मॅडम, मग एखादं वाक्य माझं ठेवता येईल का? विषय बदलला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

संपादकीय पूर्ण. आठ पानं. शीर्षक: 'अंतर्मुख मौन'.

इथे खरं लिहायला हरकत नाही. आयुष्यभर मुलांच्या चित्रांखाली सही केली, तीही कोपऱ्यात, 'पाहिले' एवढंच लिहून. माझ्या स्वतःच्या नावाखाली छापलेलं असं एक पान नाही. हे पहिलं असेल. म्हणून पानं आठ झाली. शामकांतने विचारलं, अंक केवढा आहे? म्हटलं, तीस पानांचा. तो म्हणाला, मग बरोबरे, अंगाच्या मानाने डोकं थोडंच मोठं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

भयंकर.

निकिताने तिन्ही लेख कॉलेजच्या लायब्ररीत एकामागून एक सॉफ्टवेअरला घातले. पहिले घातले ते सहादेव बडे: स्वच्छ. मोनिका: अठ्ठावन्न टक्के साम्य, सहादेवच्या लेखाशी. कानिफनाथ: सहासष्ट, दोघांशी.

म्हणजे दोघांनी गरीब सहादेवचं उचललं! तेही माझ्या अंकात, नियम तीन छापील असताना! निकिता म्हणाली, मॅडम, जरा आधी बघू या का, कुठली वाक्यं आहेत ती. म्हटलं, चोरीच्या मालाची चव बघायची नसते. दोघांना रविवारी घरी बोलावलं आहे. सुनावणी.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सहादेवना फोन करून धीर दिला. सांगितलं, तुमचं लिखाण चोरीला गेलंय, पण मी खंबीर आहे. आणि वाईट वाटून घेऊ नका, तुमची भाषाच तशी आहे, कुणालाही मोह व्हावा. रिपोर्टमधली पिवळी केलेली वाक्यं वाचून दाखवली. एक वाक्य तर मीच दोनदा वाचलं. काय लिहितो हा माणूस!

ते म्हणाले, मॅडम, तुमी ज्ये वाचलं, त्यातलं एकबी वाक्य माझं न्हाई.

किती हा विनय.

२४ ऑगस्ट, रविवार

सुनावणी.

कानिफनाथ आणि मोनिका वेळेवर आले. सहादेवही आले, न बोलावता, पहाटेची एसटी पकडून. हातात त्यांच्या मूळ लेखाची प्रिंट. निकिता लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. शामकांतला आत बसायला सांगितलं होतं. तो चहा घेऊन बाहेर आला आणि बाहेरच राहिला.

मी सुरुवात केली. कानिफनाथना विचारलं, 'अंतर्मुख मौन' हे शब्द तुम्ही कुठून घेतले? ते म्हणाले, मॅडम, खरं सांगू का, ह्ये शब्द मी घरात बोललो तर बायको डॉक्टरकडं न्हेईल. मी कशाला चोरू? मला त्याचं करायचंय काय?

मोनिकाला विचारलं. ती म्हणाली, मॅडम, मी झेंडू लिहिला होता. मौन तुमच्याकडून आलं.

सहादेवकडे वळले. म्हटलं, निदान तुम्ही तरी बोला, ऐवज तुमचा आहे. त्यांनी प्रिंट पुढे केली. म्हणाले, ह्यो माझा ऐवज. ह्यात निम्मी पोरं हायेत, ऊस हाय, कागद हायेत. मौन बिलकूल न्हाई. आमची पोरं लई दंगा करत्यात.

कुणी हसलं नाही. शामकांत सोडून. त्याने कप खाली ठेवला आणि फळ्यासमोर उभं राहिल्यासारखा म्हणाला, तिघांच्या घरात एकच वस्तू सापडली आणि तिघंही म्हणतायत आमची नाही. तर ती चौथ्याची. सोपं समीकरण आहे.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निकिताने लॅपटॉपकडे पाहिलं, मुलगी पहिल्यापासून सभ्य.

चिवडा दिला आणि सुनावणी तहकूब केली.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. निष्कर्ष: हा दोष उत्तम संपादनाचा आहे. सगळेच लेख सारखे चांगले झाले की सारखेपणा दिसणारच. मशीनला सारखं कळतं, चांगलं कळत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपती बसल्यापासून प्रेसवाल्याला घाई. निर्णय घ्यावा लागला: तिन्ही लेख मूळ स्वरूपात छापायचे. निर्णय माझा. निकिताने माझ्या आधी सुचवला, पण तो माझ्या मनात आधी होता. तिने मूळ प्रती पहिल्या दिवसापासून वेगळ्या जपून ठेवल्या होत्या. का, असं मी विचारलं नाही.

मूळ लेख तपासले. आपापल्या दुरुस्त प्रती सोडल्या तर जगात कुणाशीच साम्य नाही. उघडेवाघडे तसेच जाणार. वाचकांना काय वाटायचं ते वाटो. माझी आठ पानं आहेत, ती सावरून घेतील.

२ सप्टेंबर, मंगळवार

निकिता आली. बराच वेळ आमच्या गणपतीची आरास बघत बसली. मग म्हणाली, मॅडम, संपादकीयपण तपासावं लागेल ना? म्हटलं, संपादकीय? माझं? ती म्हणाली, नियम तीनमध्ये 'प्रत्येक मजकूर' आहे. तुम्हीच लिहिलंय. मी तेव्हा 'प्रत्येक लेख' सुचवलं होतं.

हो, आठवलं. तिला तेव्हा तासलं होतं.

म्हटलं, घे. माझ्या मजकुराला कुणाची भीती नाही.

एक्याऐंशी टक्के. सहादेव, मोनिका आणि कानिफनाथ यांच्याशी. म्हणजे त्यांच्या दुरुस्त प्रतींशी. त्या अजून मशीनच्या पोटात आहेत.

निकिताला म्हटलं, ते माझंच आहे! ती म्हणाली, मॅडम, पण नोंदीत लेखक ते आहेत. मोनिकाने तुमचं नाव घालू का विचारलं होतं, तुम्ही नको म्हणालात.

शामकांतने चहा आणून समोर ठेवला. साखर न सांगता दोन चमचे घातली होती.

३ सप्टेंबर, बुधवार

नियम माणसागणिक वाकवायचे असते तर मी कॉन्व्हेंटात कशाला गेले असते. लेख परत करण्याच्या पत्राचा मसुदा मीच जुलैत केला होता, त्यात फक्त नाव भरलं. 'श्रीमती दमयंती खरवंडीकर यांस. आपला मजकूर साम्यामुळे परत करण्यात येत आहे. आपल्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात येत आहे. अशी अपेक्षा आपल्याकडून नव्हती.' खाली सही: दमयंती खरवंडीकर, संपादक.

निकिता म्हणाली, मॅडम, शेवटचं वाक्य काढू या का? म्हटलं, नको. सगळ्यांना सारखंच.

५ सप्टेंबर, शुक्रवार

प्रकाशन झालं. बाहेर विसर्जनाच्या ढोलांची तालीम, आत आम्ही. हॉल भरला होता. सहादेवनी लेखाची सुरुवात वाचून दाखवली, तीच ती एसटी स्टँडवरची. पुढे वाचूच देईनात, इतक्या टाळ्या. नंतर लोक त्यांना गराडा घालून पोरांची चित्रं बघायला मागत होते. मोनिकाने मला हार घातला. रंगसंगती चांगली होती.

अंक बावीस पानांचा झाला. संपादकीय कुठे आहे, असं एकानेही विचारलं नाही. एक गृहस्थ मुद्दाम येऊन म्हणाले, मॅडम, संपादन छान, कुठे जाणवतच नाही.

घरी आल्यावर संपादकांकडे रीतसर अपील केलं. दीड पान, ठाम शब्दांत. चहा झाल्यावर संपादक या नात्याने वाचायला घेतलं. भाषा उत्तम. बाजू भक्कम. जवळजवळ पटलंच होतं. पण दुसऱ्या परिच्छेदात प्रश्न केवळ बंदीचा नसून बंदीमागील अंतर्मुख मौनाचा निघाला.

फेटाळलं.