जाळ्याच्या दोरीचा फॅनबेल्ट

प्रिय आई,

मला मेमो मिळालाय. तू जाऊन सात महिने झाले, एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहायचं कधी सुचलं नाही, आणि सुचलं ते आज, ऑफिससाठी माफीनामा लिहायला बसले तेव्हा! उद्या सकाळी दहापर्यंत द्यायचाय. एक ओळ झाली आणि दुसरीला गाडी अडली. म्हटलं, आधी तुला सगळं सांगते, मग काय ते ठरवते.

अख्ख्या मढ गावात तू सांगत सुटली होतीस, "माझी बाय मालाडला हापिसात गाऱ्यांची डॉक्टर हाय." डॉक्टर कसली गं? ज्यांनी आमची योजना घेतलीय त्यांची गाडी रस्त्यात बंद पडली की फोन आमच्याकडे येतो, आणि आम्ही मेकॅनिक नाहीतर उचलून नेणारी गाडी पाठवतो. पण गाडी पंधरा वर्षांहून जुनी निघाली की "सॉरी" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. दिवसभरात सॉरीच जास्त होतात. गाड्यांची डॉक्टर आपल्या घरात एकच होती, आणि ती सातवी नापास होती.

बाबांनी ती जीप गोरेगावच्या एका स्टुडिओतून आणली होती. पिक्चरमध्ये चोरांच्या मागे धावून धावून बिचारीची हाडं खिळखिळी झालेली. होडीवरची मासळी वाळूतून वर रस्त्यापर्यंत आणायला बरी, म्हणून घेतली. आणि मग गंमत काय, भर तुफानात होडी हाकणारा माणूस क्लचला घाबरला! आठवडाभर जीप दारात उभी. शेवटी तूच लुगडं वर खोचलंस आणि चढलीस. चाळीस वर्षांची बाई पुढच्या गिअरऐवजी मागचा टाकून थेट सुकत घातलेल्या बोंबलांवर गेली. सुकवायची बांबूची वलांडी आडवी, बोंबील वाळूत, आणि आजूबाजूचे सगळे हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा चढलीस. आई, एवढा निबरपणा कुठून आणलास? मला चारचौघांत शिंक आली तरी लाज वाटते.

बाबा गेल्यावर तू होडी विकलीस, जीप नाही विकलीस. बंदरावर माल घ्यायचीस, बर्फ टाकायचीस आणि मालाडच्या बाजारात जायचीस. खाऱ्या हवेनं जीपचा पत्रा खाल्ला, तेव्हा खाली जुन्या होडीची फळी ठोकलीस. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद. डिझेलची टाकी झिरपली की कपड्याचा साबण. मी नाक मुरडायचे, "आई, ही गाडी आहे की कालवण?" तर तू म्हणायचीस, "हस तू. गारी बोलते बाय, आयकाला पायजे."

आणि खरंच, तुला ऐकू यायचं. बॉनेट न उघडता सांगायचीस, बेअरिंग बोलतंय, पंप दमलाय. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं हौसेनं नव्याकोऱ्या गाड्या वाळूत उतरवायची आणि रुतून बसायची, तेव्हा त्यांना ओढून काढायला कोण? तूच. चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढायचीस, दोर बांधायचीस आणि त्या गॉगलवाल्यांना विचारायचीस, "एवरी मोठी गारी, आनि रुतली?" मला तेव्हा तुझी लाज वाटायची. आता कुणालाही सांगते, ती माझी आई होती.

तुला माझ्या कंपनीची योजना घ्यायला लावली ती मीच. तुझं वय झालं होतं, भर रस्त्यात वाकून बॉनेटमध्ये हात घालणं मला बघवत नव्हतं. फॉर्म मीच भरला. गाडीचं साल विचारलं होतं, तिथे मी पुनर्नोंदणीचं साल टाकलं. गाडीच्या पुस्तकात नवा शिक्का होता ना, म्हटलं, तेच साल धरतात. तू शेजारी बसून मासळी साफ करत होतीस. म्हणालीस, "बाय, ती गारी तुझ्यापेक्षा मोठी हाय. बघ हां." मी म्हटलं, "आई, तुला यातलं काही कळत नाही." हे वाक्य मी तुला किती वेळा ऐकवलं असेल?

वर्षभर तू एकदाही फोन केला नाहीस. मग त्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, केलास. आमच्या मराठी डेस्कवर आम्ही चौघीच, त्यात तो नेमका माझ्याकडे आला. मी नेहमीसारखं म्हटलं, "नमस्कार, मी हर्षदा बोलतेय. आपली काय मदत करू?"

तू माझा आवाज ओळखलास. आणि मग, जन्मात कधी बोलली नव्हतीस तसल्या मराठीत बोललीस. "हॅलो मॅडम. माझी गाडी बंद पडली आहे. मार्वे रोडला आहे. गाडीत मासळी आहे."

मॅडम! आई, मी तुला एकदा घरी सांगितलं होतं की आमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात, घरचा फोन आला तरी ऐकणारे ऐकतात. तेवढं तू लक्षात ठेवलं होतंस. मी तुझा नंबर टाकला, तर स्क्रीनवर लाल पट्टी. तपासणीत गाडीचं खरं साल निघालं होतं आणि जीप योजनेतून बाद झाली होती. पंधरा दिवसांत मी कायम होणार होते. फॉर्म कुणी भरला हे कुणी विचारलं असतं तर? घाबरले मी. आवाज गोड ठेवला आणि म्हटलं, "सॉरी मॅडम, तुमची गाडी आमच्या योजनेत बसत नाही."

"बरं मॅडम," तू म्हणालीस. "चालेल. तुम्ही जेवून घ्या वेळेवर."

मी फोन ठेवला. तू रिक्षेनं पंधरा मिनिटांवर होतीस. डोकं दुखतंय सांगून निघाले असते तर कुणी अडवलं नसतं. मी नाही निघाले. पुढचा फोन घेतला.

पुढचं मला तू कधीच सांगितलं नाहीस, रेखामावशीनं सांगितलं. बाजारात तुझ्या शेजारी बसणारी रेखामावशी त्या दिवशी जीपमध्ये मागे मासळीच्या पाट्यांवर बसली होती. फॅनबेल्ट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टा, तुटला होता. तू इंजिन थंड होईपर्यंत फुटपाथवर बसलीस, पिशवीतून जाळ्याची नायलॉनची दोरी काढलीस आणि तीनपदरी वेणी घातलीस. दोन टोकांना जाळं विणताना मारतात ती गाठ मारलीस. चपटी, ओली झाली तरी न सुटणारी. तो पट्टा पुलीवर चढवलास, नळावरून पाणी आणून ओतलंस आणि बैलगाडीच्या चालीनं मालाड गाठलंस. बर्फ विरघळायच्या आत पापलेट, सुरमई, सगळं संपवलंस. रेखामावशी म्हणते, "तुझी आय त्या दिवशी लय खुशीत व्हती." का गं खुशीत होतीस? दुसरी आई असती तर रुसली असती.

संध्याकाळी मी उंबऱ्यातच थांबले. तू भाकरी थापत होतीस. मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "तुझा आवाज काय झकास येतो फोनवर! रेडिओवानी." मी म्हटलं, "आई, ते..." तर म्हणालीस, "नियम हाय ना? मग? हात धू." संपला विषय.

दिवसभर मी परक्यांना सॉरी म्हणते. त्या दिवशी तुलाही म्हटलं, पण मॅडम म्हणून. आई म्हणून म्हणायचं राहिलं ते राहिलंच. चार महिन्यांनी तुझ्या छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचायच्या आतच सगळं आटोपलं. तू तरी एकदा ओरडायचं होतंस माझ्यावर! हा माझा तुझ्यावरचा एकच राग आहे.

आता मेमोचं सांगते. परवा दुपारी एका काकांचा फोन आला. घोडबंदर रस्त्याला, उन्हात, ते आणि काकू. सत्तावीस वर्षांची जीप. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "सॉरी सर, तुमची गाडी आमच्या योजनेत बसत नाही." काका म्हणाले, "बरं." नुसतं बरं. ना आवाज चढवला, ना वाद घातला.

माझं बोट फोन तोडायच्या बटणावर होतं, आई. ते तिथून उचललं आणि विचारलं, "काका, बंद पडायच्या आधी कसला आवाज आला?" ते म्हणाले, फट्दिशी काहीतरी तुटल्यासारखा. मग काटा लालवर आणि पुढून वाफ. म्हणजे फॅनबेल्टच! मी म्हटलं, इंजिन बंद, किल्ली काढून काकूंच्या हातात द्या. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. वीस मिनिटं सावलीत बसा, मी फोनवर आहे. त्यांच्या टपावर सामान बांधलेली नायलॉनची दोरी होती. मी वेणी सांगितली. गाठ सांगताना मात्र शब्द सापडेनात, तू मला ती हात धरून शिकवली होतीस ना. शेवटी मी हेडफोनची वायर समोर धरली, स्वतः गाठ मारत गेले आणि करेन तसं बोलत गेले. तिसऱ्या खेपेला काकू ओरडल्या, "जमली, जमली!"

अडतीस मिनिटं चालला तो फोन. हळूहळू चालवत ते पुढच्या गॅरेजपर्यंत पोचले. आणि मग काकांनी काय करावं? काल कंपनीला फोन करून माझं तोंडभर कौतुक केलं! नाव घेऊन! तिथेच माझी वाट लागली.

आमचा टीम लीडर केतन वाईट नाही. त्यानं मला बाजूला घेतलं. "यार हर्षदा, तू मेकॅनिक आहेस का? म्हाताऱ्याचं बोट पुलीत गेलं असतं तर? जबाबदार कोण?" त्याचं चूक नाही, आई. रात्रभर तेच बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं. मग म्हणाला, "दोन ओळी लिहून दे, चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी सांभाळून घेतो. नाही दिलंस तर माझ्या हातात काही नाही."

"चूक झाली" लिहिलंय. पुढचं लिहिता येत नाही. कारण पुन्हा होणार, हे मला माहीत आहे. नोकरी मला हवी आहे. घर तिच्यावर चालतं, आणि तू गावभर मिरवलेली नोकरी आहे ही. ती गेली तर मी काय करणार, मला ठाऊक नाही. पण एक फोन ठेवून मी ती टिकवली होती, आणि तेव्हापासून ऑफिसात शिरताना मला रोज तुझं "बरं मॅडम" ऐकू येतं.

म्हणून तुला लिहिता लिहिता माझं ठरलं. उद्या केतनला खरं तेच देणार. न विचारता सल्ला दिला, धोका आधी सांगायला हवा होता, ती चूक मान्य. जुन्या गाडीवाल्यांना मेकॅनिक पाठवू नका, पण फोनवर चार शब्द सांगायची परवानगी द्या, हेही लिहिणार. आणि तुझ्या जीपचं खोटं साल फॉर्मवर मी टाकलं, तेही. "पुन्हा होणार नाही" एवढं सोडून बाकी सगळं लिहीन.

त्यानंतर त्यांनी ठेवलं तर मी त्या खुर्चीवर असेन, नाही ठेवलं तर नसेन. पण कुठेही असले तरी, वाटेत अडलेलं माणूस माझ्याशी बोलत असेल, तर आधी फोन मी ठेवणार नाही, हा शब्द देते. तो ठेवायचा नसतो, हे कळायला मला तुझाच फोन ठेवावा लागला. सॉरी, आई.

तुझी,
हर्षदा