सोमवारी बदललेलं पाणी

नाना, तुम्हाला मराठी अडखळत वाचता यायचं आणि इंग्रजी अजिबात नाही, त्यामुळे तुम्ही असतात तरी हे मी टपालात टाकलं नसतं. धुळ्यातल्या माझ्या देवपूरच्या घरी ओट्यावर बसवून वाचून दाखवलं असतं, कूलंटच्या डब्यावरचं वाचून दाखवायचे तसं. मी शिकले सातवीपर्यंत. पण लग्नानंतर ह्यांनी वाचनालयातून पुस्तकं आणून दिली आणि वाचायची सवय लागली ती लागलीच. इंग्रजी मी डिक्शनरी पुढ्यात घेऊन शिकले. तिचा पहिला उपयोग मोटारीच्या सामानाच्या दुकानात होईल असं मात्र वाटलं नव्हतं. आग्रा रोडवरच्या त्या दुकानात तुम्ही डबा माझ्या हातात देता आणि म्हणता, "वाच, काय लिखेल शे?" मी एकेक शब्द जुळवत सांगते, की हे घातलं तर रेडिएटरमधलं पाणी गोठत नाही. दुकानदार गल्ल्यावरूनच हसतो. "काय हो नाना, धुळ्यात बर्फ कधी पडला?" तुम्ही डब्याचं बूच नीट बसलंय का ते अंगठ्याने दाबून बघता आणि मान वर न करता म्हणता, "धुयामा नही पडना, पन तुन्हा डोकामा पडेल दिखस." गिऱ्हाईकं हसतात. दुकानदारही हसतो आणि तुमच्यासाठी चहा सांगतो.

तुम्ही सोनगीरजवळच्या माझ्या माहेरच्या गावचे, पण उमर घालवली सावद्याची केळी ट्रकने दिल्ली-पंजाबकडे नेण्यात. पंजाबात थंडीच्या दिवसांत ड्रायव्हर लोक रात्री रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायचे आणि सकाळी गरम पाणी भरायचे. एकाने कंटाळा केला आणि सकाळी त्याचं इंजिन उभं चिरलेलं निघालं. पाण्याने लोखंड फाटतं, हे आपल्याकडच्या उन्हात भाजलेल्या माणसांना पटायचं नाही. त्यांना वाटायचं तुम्ही वाटेतल्या गप्पा मारता. तुम्हाला एवढं ठाऊक होतं, की जे तिकडे गोठत नाही ते इकडे उशिरा उकळतं आणि आतून गंज धरू देत नाही. साधं पाणी का नको, हे मला पटवायला तुम्ही एकदा न्हाणीतला बंब उपडा केला होता. आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसलेला. तो चमच्याने खरवडून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवला. "हाई गाडीना पोटमा जास. मंग बठ्ठं इंजिन खराब व्हई जाई." मी स्वयंपाकघरातल्या पोळ्या अर्ध्यावर टाकून तसाच तळहात घेऊन उभी, आणि तव्यावरची पोळी करपली.

ही सगळी खटपट ज्या गाडीसाठी ती ह्यांची. ह्यांनी जळगावहून जुनी पांढरी गाडी आणली होती, फार हौसेने. शाळेतल्या मास्तराने गाडी घेतली म्हणून गल्लीत चेष्टा झाली ती त्यांनी आनंदाने ऐकून घेतली. दोन उन्हाळे चालवली आणि हे गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. तेराव्यानंतर माझे दीर म्हणाले, "वहिनी, गाडी उभी उभी सडेल, काढून टाकू." तुम्ही कोपऱ्यात बसला होता. म्हणालात, "सडाव नही. मी येत जासू." आणि खरंच दर रविवारी सकाळच्या एसटीने येऊ लागलात.

मला वाटलं होतं तुम्ही येऊन माझ्याशी काहीतरी बोलाल. ह्यांच्याविषयी, निदान माझ्याविषयी. तुम्ही यायचा, चप्पल काढायचा, पाणी प्यायचा आणि सरळ बॉनेट उघडायचा. पुढचे दोन तास रबरी पाइप, पट्टा, पाण्याचं झाकण. काटकसर कशात करायची हे तुम्ही मला तेव्हा शिकवलंत, आणि तो सगळा धडा त्या बॉनेटखाली वाकूनच. तयार पातळ केलेलं कूलंट घेऊ नये, घट्ट घ्यावं आणि बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्म घालून घरी करावं. सुटं हिरवं पाणी कुणी स्वस्तात देत असेल तर तो रंग विकतोय. कूलंटची एक जात दुसरीत मिसळू नये. कमी झालं की वरून ओतत बसू नये, गळतं कुठे ते आधी बघावं, कारण बहुतेक वेळा पाच बोटांएवढं रबर बदललं की काम भागतं. पॉलिश, सीटकव्हर, सुगंधी डबी ह्यांत वाचवावं, तेलात आणि कूलंटमध्ये नाही. डब्यावर विषारी लिहिलंय असं मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही तो उचलून माळ्यावर ठेवलात, घरात कुणी लहान नसताना.

मग आपण गाडी फिरवायला निघायचो. पांझरेचा पूल, आग्रा हायवे, सोनगीरच्या किल्ल्याखाली चहा आणि परत. तुम्ही चालवताय, मी शेजारी बसून उष्णतेच्या काट्यावर नजर ठेवून. आपलं बोलणं त्या काट्यापुरतंच. एकदा वैशाखात काटा चढला. तुम्ही गाडी कडेला घेऊन हातपाय धुवायला गेलात आणि मी, काही मदत करावी म्हणून, पदर गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला गेले. आतली वाफ अंगावर यायच्या आत तुम्ही धावत येऊन माझं मनगट धरलंत. "हात जयी जाई! अक्कल शे का नही तुले?" चहाच्या टपरीवरची सगळी माणसं बघत होती. चाळिशीला आलेली विधवा बाई आणि बाप तिच्यावर भर रस्त्यात ओरडतोय. मला रडूच फुटलं असतं, पण माझं लक्ष मनगटाकडे गेलं. इंजिन निवेपर्यंत, चांगला अर्धा तास, तुम्ही ते सोडलं नव्हतंत.

असे किती रविवार गेले मोजले नाहीत. मग एका रविवारी मी चहा घेऊन बाहेर आले तर तुम्ही हापशावरून बादली भरून आणलेली आणि तांब्याने रेडिएटरमध्ये ओतताय. मी म्हटलं, "नाना, हे बोअरचं पाणी." तुम्ही हसलात. "मंग? गाडीले पानीच लागस ना?" मला वाटलं थट्टा करताय. तुम्ही गेल्यावर झाकण उघडून पाहिलं तर हिरवा रंग ताकावरच्या पाण्यासारखा फिका झालेला. सोमवारी सकाळी, इंजिन गार असताना, खाली घमेलं ठेवून मी तळाची तोटी सोडली, सगळं काढलं, डिस्टिल्ड पाण्याने धुतलं आणि निम्मंनिम्म भरलं. तुम्ही शिकवलं होतंत तस्संच. पुढच्या रविवारी पुन्हा बादली.

डॉक्टर म्हणाले, हे विसरणं वयामुळे आहे, जे आहे ते जपा. गावाहून माझ्या भावाचा निरोप आला की नानांना आता पाठवत नाही, परवा ते स्वतःच्याच वाड्याचं दार शोधत होते. मी म्हटलं, पाठव, एसटीत बसवून दे, मी स्टँडवर उभी राहते. मला तेव्हा एकच गोष्ट राखायची होती. लेकीची गाडी आपण सांभाळतो, हे एक काम तुमच्या हातून सुटू नये. बाकी सगळं सुटत चाललेलं मला दिसत होतं. पुलावर मध्येच गाडी थांबवून "आपुन कोठे जाई ऱ्हायनूत?" असं तुम्ही विचारलंत, मागून ट्रकवाले हॉर्न वाजवताहेत, त्यानंतर मी बॅटरी उतरलीय म्हणून खोटंच सांगितलं आणि किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवली. तुम्ही ते मानलंत. बादली मात्र चालूच राहिली, आणि माझा सोमवारही. दर आठवड्याला चांगलं कूलंट घमेल्यात जात होतं. दुकानदाराने विचारलंसुद्धा, "ताई, गाडी पिते का काय?" तुमच्याकडून शिकलेली सगळी काटकसर मी तुमच्यासाठीच मोडत होते आणि त्याने काहीही थांबत नव्हतं. रेडिएटर धुता येत होता. तुमच्यासाठी मला करता येण्यासारखं तसलं काही नव्हतं.

त्या एका रविवारी तुम्ही जेवून झोपलात म्हणून मी सोमवारची वाट पाहिली नाही. घमेलं ठेवलं, तोटी सोडली. कूलंट संपत आलं तेव्हा मागे सावली पडली. तुम्ही दारात उभे, उघडेच, धोतराचा सोगा हातात. घमेल्यात पडणाऱ्या धारेकडे बघत होता. मला वाटलं आता कळलं, आता रागावाल, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं.

"बाई," तुम्ही म्हणालात, कुणा परक्या बाईशी बोलावं तसं मानाने, "काम चांगलं शे तुमनं. कोनी शिकाडं?"

"माझ्या वडिलांनी."

"ड्रायव्हर व्हतात का?"

"हो."

"दिखस ना." मी तोटी बंद केली तशी तुम्ही खाली बसून ती घट्ट झालीय का ते बोटाने पाहिलंत. "कोठे ऱ्हातस ते?"

मी सोनगीर म्हणायला हवं होतं. इथंच आहेत म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "गेले ते." आणि निघालं तसं मला रडूच कोसळलं, घमेल्यावर वाकून, हात कूलंटने भरलेले. ह्यांच्या वेळी इतकी माणसं घरात होती की असं रडता आलं नव्हतं.

तुम्ही हळूच माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "रडू नको, माय," म्हणालात. "मना बाप गया तवय मी बी असाच रडनू व्हतू." आणि मी थांबेपर्यंत तिथंच बसून राहिलात. तुमच्या बापाचं नाव काय, तो कसा गेला, त्याच्या बैलांची नावं काय, हे तुम्ही मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलंत. सगळं आठवत होतं तुम्हाला.

तुम्ही त्यानंतर दोन पावसाळे होता. खरोखर गेलात तेव्हा गावात माणसं म्हणाली, पोरगी रडत कशी नाही. मी कुणाला काय सांगणार? तुमच्यासाठी मी आधीच रडून घेतलं होतं, आणि माझं सांत्वन तुम्हीच केलं होतंत. तुम्ही जिवंत असताना तुम्हाला गेलेलं म्हटलं, याचं वाईट वाटायला हवं. ते वाटत नाही, नाना. त्या दुपारी मला फार बरं वाटलं होतं.