आंदणात एवढंच हवं

चिखली, १७ नोव्हेंबर

चि. धम्मशीला,

सप्रेम जयभीम. आम्ही बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा तिच्या जिभेइतका चालत नाही, एवढीच तक्रार. फोन केला असता, पण ती शेजारी बसून अर्धं बोलणं स्वतःच करते. म्हणून पत्र.

'आंदणात एवढंच हवं' लिहून तू पुण्याहून पाठवलेलं खुर्चीचं चित्र पोचलं. अमेरिकेतले ते शेकर पंथाचे लोक कोण, मला माहीत नाही. पण सुतार पक्के. पाय खाली बारीक होत गेलेला, पाठीला तीन आडव्या पट्ट्या, झालं. चूक झाकायला एक फूल कोरलेलं नाही. झाडताना खुर्ची आड येऊ नये म्हणून भिंतीच्या खुंटीला टांगलेली, तीही उलटी, म्हणजे बैठकीवर धूळ बसत नाही. रंग तू इतका पातळ दिलास की लाकडाच्या रेघा खालून दिसतात. बराच वेळ पाहत बसलो. मग मान वर केली तर समोर आपलं शोरूम. भुसा दाबून केलेल्या फळ्यांवर सागासारखा दिसणारा कागद, पलंगाच्या उशाशी सोनेरी मोर. याच मोराच्या जिवावर तू शिकलीस, तरी नजर पुन्हा चित्राकडे वळवली.

परवा आपला होणारा जावई देवानंद आणि त्याची आई कोकिळाबाई आंदण पसंत करायला आले. मी चित्र दाखवलं, तर विहीणबाई म्हणाल्या,

"इवाईबुवा, हे मंडपात मांडलं तं लोक म्हनतीन, पोरगी आश्रमात देऊन राह्यले का?"

मी हसलो. गिऱ्हाइकासमोर हसायची सवय. चहा सांगायला वळलो, तर कपाटामागून देवानंद आईला हळूच म्हणाला, "मोरवालाच घे न. तिले आता 'हाव, खुर्चीच घेऊ' म्हनून टाकू. एकदा घरात आली का कोन इचारते तिले?"

माझे कान तुला ठाऊक आहेत. आणि कपाट पोकळच.

जाताना तो वाकून पाया पडला. पायावरून पाल गेल्यासारखं झालं.

आईला सांगितलेलं नाही. ती म्हणेल, साखरपुडा झालाय, पोरं बोलतात असं. बोलतात, पण हा दबक्या आवाजात बोलला, म्हणजे त्याला कळत होतं. मी तिथंच लग्न मोडून मोकळा झालो असतो. पण मग तुला न विचारणाऱ्यांत अजून एक, मी.

जुना साग काढून खुर्ची करायला घेतली आहे, स्वतः रंधा धरून. लग्न होवो न होवो, ती तुझी. पत्रिका छापायला द्यायच्या की नाही, तेवढं कळव.

तू म्हणशील त्या बाजूला उभा,
बाबा