बटण माझ्या हातात

३ ऑगस्ट, रविवार
सासूबाई पुण्याहून येऊन बारा दिवस झाले. सिंगापुरात, हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीशी बसून असतात. आज म्हणाल्या, परतीचं तिकीट अलीकडचं करून दे. स्मिता किचनमध्ये रडली. मी म्हटलं, काळजी करू नकोस, माझ्याकडे उपाय आहे. हॅम रेडिओ, माझा बिनतारी संचाचा छंद. ती आणखी रडली.

५ ऑगस्ट
रेडिओ क्लबात विचारून घेतलं. लायसन्स नसलेल्याला बोलू देता येतं, पण लायसन्सवाल्याने शेजारी बसायचं, बोलायचं बटण त्याच्या हातात. म्हणजे सगळा कंट्रोल माझा. उत्तम. पलीकडे सेम्बावांगचे रवींद्र असतील. शिपयार्डमधून रिटायर झालेले, मराठी, माझ्यासारखेच सीरियस हॅम. सासूबाईंना रोज दोन मिनिटं. महिन्यात ऑपरेटर तयार. तक्ता करून भिंतीला लावला.

६ ऑगस्ट, संध्या. ७
बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, हे तीनदा शिकवलं. सासूबाई म्हणाल्या, माझं बोलून झालेलंच नाही तर ओव्हर कशाला म्हणू?
प्रगती समाधानकारक.

१० ऑगस्ट, रविवार
रवींद्रांनी त्यांच्या बायकोला, कस्तुरीताईंना, माईकपुढे बसवलं. त्यांनाही लायसन्स नाही. पंचेचाळीस मिनिटं. गुडघे, घावन, कस्तुरीताईंची सून. बटण दाबून बोट बधिर झालं. उठता येत नाही, नियम आहे. रवींद्रही तिकडे तसेच बसले असणार. मध्येच मी अँटेनाचा विषय काढून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, पद्माकरराव, जरा थांबा.
तक्त्यात 'दोन मिनिटं' खोडून 'लवचिक' लिहिलं.

१४ ऑगस्ट
रॅफल्स प्लेसला मीटिंग लांबली. स्मिताचे सहा मिस्ड कॉल. आई रेडिओसमोर बसल्यात, तू आहेस कुठे? बॉसला फॅमिली इमर्जन्सी सांगून MRT ट्रेन पकडली. घरात शिरलो तर बूट काढायच्या आत सासूबाईंनी माईक पुढे केला.
तिकिटाचा विषय बंद आहे. श्रेय तक्त्याचं.

१७ ऑगस्ट
मैत्रेयी म्हणाली, पपा, यू आर जस्ट द बटन लाह. चौदाव्या वर्षी सुपरव्हिजन ही कन्सेप्ट कळत नाही.

२१ ऑगस्ट
सासूबाई माईकवर फोन नंबर सांगू लागल्या. मी तत्काळ बटण सोडलं. सगळे ऐकतात, नंबर सांगायचा नाही. कडक बोललो. त्या म्हणाल्या, बरं, मग सेम्बावांगला जाऊन देते.
नियम पाळला गेला याचं समाधान.

२४ ऑगस्ट, रविवार
सासूबाई मैत्रेयीला घेऊन सेम्बावांगला गेल्या. संध्याकाळी अळूची पानं घेऊन आल्या. वड्या झाल्या. खाताना स्मिताला म्हणाल्या, तिकीट दसऱ्यानंतरचंच राहू दे. स्मिता उठून आईच्या गळ्यात पडली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. योग्य वेळी पाहतील.

२७ ऑगस्ट, संध्या. ७
रेडिओ लावला, खुर्ची पुसली. सासूबाई आल्या नाहीत. आतल्या खोलीत फोनवर हसत होत्या.
शेवटी मीच बोललो. रवींद्रांनी लगेच उत्तर दिलं. सिग्नल उत्तम आहे, म्हणाले. मी म्हटलं, तुमचाही.
रवींद्रांनी विचारलं, या दोघी एवढ्या हसतायत कशाला, तुम्हाला काही कल्पना?
मी आत गेलो. सासूबाईंनी हातानेच थांबा म्हटलं. थांबलो. मग परत आलो.
कळलं नाही, असं सांगितलं.
रवींद्र म्हणाले, मलाही.