वकीलसाहेबांच्या गाडीच्या स्प्रिंगा

उस्ताद,

गुडघा कसा आहे? थंडीत धरतो का अजून? काकू मागाहून तुमच्याकडे आल्या, त्यांचा दमा उतरला असेल. तिकडं चुलीचा धूर नसणार. इकडं आमची ही बरी आहे, लेक अकोल्यात सुखानं नांदते, माझी पाठ तेवढी कुरकुरते. आता तुमचे कान कसे आहेत, हे विचारायचं राहिलं. खरं तर तेच विचारायला बसलो, आणि तिथंच पेन ठेवून उठलो, पाणी पिऊन आलो.

चीनच्या लढाईनंतरची गोष्ट. वकीलसाहेबांची ती बुटकी, दोन माणसांची विलायती गाडी तुमचं नाव ऐकून अकोल्याहून अमरावतीला आपल्या गॅरेजात आली होती. हळू चालवली तर लोणी. मूर्तिजापूरच्या सरळ रस्त्यावर दाबली की दम तोडायची. तुम्ही कार्बुरेटर साफ केला, प्लग बदलले, तरी तेच. वकीलसाहेब पान चघळत म्हणाले, "उस्ताद, आज नाही झालं तर नागपूरले नेतो मी. अमरावतीत आता राम नाही राहिला." तुम्ही उभ्या गाडीतच इंजिनाचा वेग चढवला. वर गेल्याबरोबर झाकणाखालून पत्र्याच्या डब्यात चणे हलवावेत असा खडखडाट सुरू झाला, आणि तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "पाह्य, कसं गोड चालून रायलं!"

जवानी तुम्ही अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनीजवळ काढलेली; तिनं तुमचे कान खाल्ले होते, आणि हे त्या घडीला मला एकट्याला कळलं; वकीलसाहेबांना इंजिनाचे सारे आवाज सारखेच. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्या की जोरात फिरताना व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत, ताकद तिथंच गळते, हे तुम्हीच शिकवलेलं. पण वकिलासमोर 'आवाज येतो' कसं म्हणू? बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणतो?

"स्प्रिंगा पाहू का जी? साहेबांच्या डिकीतच नवा संच पडला आहे."

"काहून? आवाज आहे काय?"

"नाही जी. असंच मनात आलं."

खोललं. एक जुनी, एक नवी, तोंडाला तोंड लावून व्हाइसच्या जबड्यात धरल्या आणि आवळत गेलो. नवी ताठ राहिली, जुनी मुकाट्यानं बसत गेली. नव्या बसवल्यावर गाडी दम न तोडता पळाली. वकीलसाहेब हसले, "घ्या! चेलाच गुरू निघाला." तुम्ही म्हणालात, "माह्याच हातचा हाय तो." संध्याकाळी रॉकेलनं हात धुताना, माझ्याकडे न पाहता, तुम्ही विचारलं, "आवाज होता ना?"

"होता जी."

"मंग आजपासून तू ऐकत जा. मी खोलतो."

पुढं कायम तसंच चाललं. आवाज असला की मी मडगार्डवर हात ठेवायचा, तुम्ही पाना उचलायचा. गिऱ्हाइकाला कधी पत्ता लागला नाही.

तुमच्या शेवटच्या दुपारी खाटेभोवती सारी माणसं तुमच्याशी ओरडून बोलत होती. माझं बोलणं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कानाशी वाकून हळूच बोललो. तुम्ही मान हलवली. ऐकून हलवली, की कोणी तरी बोललं म्हणून? अजून गाडीखाली कामाला शिरलो असलो तरी हे मनात येतं आणि हात थांबतो. हे पत्र टाकायचं कुठं, घडी करून ठेवीन. तेव्हा काय बोललो ते आज इथं मोठ्या अक्षरात लिहिणार होतो, उस्ताद, पण आताही हात धजला नाही. ऐकलं असेल तर तुम्हीच लिहून कळवा, लवकर.