बिब्ब्याचे चार ठिपके

माय, तुले जाऊन चाळीस वर्षं झाली, अन् अवंदा मी तुले अकोल्याच्या कोर्टात ओढलं. रागावशील तर रागाव, पण आधी ऐकून घे. मी सांगून राहिली अन् नात लिहून राहिली.

झालं असं, इथं अकोल्याच्या घरी नातसुनेचं तान्हं पोटदुखीनं कोकलत होतं. तिनं मले बजावलं होतं, "आजी, बाळाले काही लावू नका." ती आंघोळीले गेली अन् मी बिब्बा सुईले टोचून दिव्यावर धरला, तेल सुटल्याबरोबर बाळाच्या पोटावर चार ठिपके देले. काजळाची तीट आहे म्हणून तिले सांगतलं. दोन दिवसांनी ती माहेरी अमरावतीले गेली, तिथं फोड आले. तिथला डॉक्टर म्हणे, हे सिगारेटचे चटके. पोलीस आले, अन् आरोपी कोण, तर नातसून! तिले अगरबत्तीचा धूर सोसत नाही वं. बाळ ठेवलं तिच्या मायजवळ, अन् हिले आपल्याच लेकराले भेटाले परवानगी लागे.

अकोल्याचा चामडीचा डॉक्टर म्हणे, हा बिब्बा आहे. अमरावतीवाला म्हणे, बिब्ब्याचे डाग इतके गोल नसतात. दोघं शिकलेले, अन् भांडण सवतींसारखं. घरात बिब्बा लावला कोणं, हे मात्र कोणालेच ठाऊक नाही. दोन तारखा मी बाकावर मुकाट बसली. तिसऱ्या तारखेले जजसाहेबापुढं उठली.

"साहेब, म्या लावला."

"कोणी शिकवलं?"

"माह्या मायनं."

"त्या कुठं आहेत?"

"वर. समन्स धाडता का?"

साहेबानं तोंडावर रुमाल धरला. मी बाही वर केली. चार दिवसांआधी माह्याच हातावर चार ठिपके देले होते, ते टरारून फुगले होते. अमरावतीवाल्या डॉक्टरनं चष्मा पुसून दोनदा पाह्यलं अन् म्हणे, "साहेब, माझी चूक झाली." भला माणूस! आपल्या खानदानात असं म्हणणारा एक दाखव.

आता तुह्याशी खरं बोलते. मले अजून दिसते, भातकुली गावच्या आपल्या घरी तू चुलीपुढं बसली आहेस, माह्या बोटांवर लाकडी चाटू हाणतेस अन् म्हणतेस, "तळपायाले एकच ठिपका, पोटाले लावशील तर हात मोडीन." हे मी साहेबाले सांगतलंच नाही. तू मेलेली, तुले कोण पकडते?

केस मिटली, बाळ घरी आलं. नातसून मालिशले बाळ माह्या पायावर देते अन् समोर बसून माह्या हातांकडं पाहत राह्यते. म्हटलं, "पोलिसात भरती हो." ती म्हणे, "आजी, तुमच्यापायी तुरुंगातच भरती झाली असती."

मी हसली. पण माय, त्या दोन तारखा मी तुरुंगाले भ्याली नव्हती. ती पुन्हा बाळ माह्याजवळ देणार नाही, याले भ्याली होती. नात विचारते, हे लिहू का? लिही म्हटलं, पण तुह्या वहिनीले वाचून दाखवू नको.